फिंचचा मागचा ॲक्सल

ज्युडिथने अंगणात गाडी उभी केली तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत कुणी दिसलं नाही, म्हणजे सगळे शेडमध्येच असणार. फक्त नेस्टाआत्या मागच्या दाराशी खुर्ची टाकून पुदिना खुडत बसली होती, डावा पाय नेहमीसारखा सरळ पुढे. आतून भाजणाऱ्या मटणाचा वास येत होता.

“आलीस? बरं झालं,” आत्या म्हणाली. “सकाळपासून तिघं तिकडेच आहेत. तुझ्या भावाने दोनदा चहा नेला, कप एकदाही परत आणले नाहीत.”

“ठरलं का काही?”

“ठरलं असतं तर कप परत आले असते.”

ज्युडिथ पायरीवर बसली आणि आत्याच्या मांडीवरची अर्धी जुडी तिने आपल्याकडे ओढून घेतली. लहानपणापासून या दोघी अशाच बसत आल्या होत्या. ज्युडिथची आई, डोरीन, शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी डोकं धरून घरी यायची. दार उघडायला, वेणी घालायला, पाढे म्हणून घ्यायला आत्या असायची. डोरीन जाऊन आता चार वर्षं झाली होती आणि या घरात ज्युडिथचे वडील हेडली आणि नेस्टा, भाऊ आणि बहीण, एवढी दोनच माणसं उरली होती.

“तुला काय वाटतं, कुठला बसवावा?” ज्युडिथने विचारलं.

“मला कोण विचारतंय,” आत्या म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. पाऊस पडतोय असं सांगावं तसं सांगितलं तिने, आणि कुजकं पान बाजूला टाकलं.

प्रश्न फिंचचा होता. फिंच म्हणजे हेडली ट्रँटरची हिरवी, उघडी, दोनच माणसांची गाडी. हेडलीच्या वडिलांनी ती नवी घेतली होती. ती बनवणारा कारखाना कधीच मोडीत निघाला, गाडी मात्र राहिली. गेल्या ख्रिसमसला जेवताना हेडलीने जाहीर केलं, फिंच आता ब्रायनीची. ब्रायनी म्हणजे ज्युडिथची मुलगी. तिला थेट उत्तरेच्या टोकाला, ऑर्कनी बेटांवर, लाकडी होड्या बांधणाऱ्यांकडे काम मिळालं होतं, आणि जायचं तर फिंच घेऊनच, हे तिने त्याच टेबलावर ठरवून टाकलं. मग मार्चमध्ये गाडीच्या मागच्या अंगातून घुमल्यासारखा आवाज यायला लागला. उघडून पाहिलं तर मागच्या दोन चाकांना जोडणारा अख्खा ॲक्सलच गेलेला. पोलादी नळीला तडा, आतले दाते झिजून सुरीसारखे. ज्युडिथचा धाकटा भाऊ ग्रॅहम सगळीकडे फोन करत राहिला आणि त्याने दोन ॲक्सल मिळवले. दोन्ही नुसते पाहायला म्हणून आणले होते. एक उद्या परत जायचा होता.

“तू तिला नाही म्हणून सांगू शकली असतीस,” आत्या म्हणाली.

“ब्रायनीला? ऐकते का ती? सव्वीस वर्षांची घोडी आहे.” ज्युडिथ उठली. “बाबांना सांगते मी. बाबा नाही म्हणाले तर ऐकेल.”

पुदिन्याची पानं आत्याने पदरी घेतल्यासारखी एप्रनमध्ये गोळा केली आणि दाराची चौकट धरून हळूहळू उभी राहिली.

*

शेडमध्ये फिंच लोखंडी घोड्यांवर उभी होती. मागची चाकं काढलेली, पोट रिकामं. तिच्या मागे फळ्यांवर दोन ॲक्सल शेजारी शेजारी ठेवले होते आणि ग्रॅहम त्यांच्यामध्ये उकिडवा बसला होता.

“पुन्हा सांगतो,” तो म्हणाला. “हा डावीकडचा हलका. कारखान्याने फिंचला बसवला होता तसाच, आतून सगळा नवा केलेला. चढावर हिच्यासारखी चपळ गाडी मिळायची नाही. हा उजवीकडचा जड. शेवटी शेवटी ज्या गाड्या निघाल्या त्यांच्यातला. मजबूत आहे, कबूल. लांबच्या रस्त्यावर इंजिन बोंबलत नाही, हेही कबूल. पण दोन्ही बाजूंनी बोटभर रुंद आहे. तारांची चाकं लावली तर मडगार्डला घासणार. म्हणजे तारांची चाकं गेली, साधी पत्र्याची आली. मागून पाहिलं तर ही फिंच राहणारच नाही.”

“जडच बसवायचा,” हेडली म्हणाला.

तो कामाच्या टेबलाशी टेकून उभा होता. ऐंशी ओलांडली तरी पाठ सरळ होती. सकाळपासून एवढं एकच वाक्य त्याने वेगवेगळ्या वेळी म्हटलं होतं.

ग्रॅहमला त्याचाच राग येत होता. याच माणसाने त्याला बाराव्या वर्षी या चाकांची एकेक तार पुसायला शिकवलं होतं. मूळचं ते मूळचं, एक स्क्रूसुद्धा बदलायचा नाही, हे त्याने बापाकडूनच ऐकलं होतं, आणि मनापासून मानलं होतं. फिंच आपल्याला मिळेल असं त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं. पण वाटत होतं. ख्रिसमसला ती भाचीला मिळाली तेव्हा सगळ्यात आधी टाळ्या त्यानेच वाजवल्या, आणि घरी जाताना वाटेत बायकोशी एक शब्द बोलला नाही. आता निदान ती जशी होती तशी तरी जावी, एवढंच त्याला हवं होतं.

“बाबा, तुम्हीच म्हणायचात—”

“काय म्हणायचो ते मला माहीत आहे.”

तो आता जडच का म्हणतो, ते तिघांनाही माहीत होतं. लग्नाच्या आधी, तरुणपणी, हेडलीने फिंचमध्ये मोठं इंजिन घातलं होतं. तेव्हा एका मित्राने असाच जड ॲक्सल देऊ केला होता. हेडली नको म्हणाला; मागून बेढब दिसेल, तारांची चाकं बसणार नाहीत. त्या उन्हाळ्यात जवळच्या लेडबरी गावाच्या वरच्या चढावर ॲक्सलमधला दांडा तुटला, मागचं चाक दांड्यासकट निखळून बाहेर आलं आणि गाडी दगडी भिंतीवर गेली. शेजारी नेस्टा बसली होती. ती बावीस वर्षांची होती आणि गावातल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. खुब्याचं हाड असं मोडलं की डावा पाय पुन्हा कधी नीट वाकला नाही, आणि पायाखालच्या पट्ट्या दाबता येईनात म्हणून ऑर्गनही सुटला. हेडलीचं फक्त कोपर खरचटलं होतं. त्याने गाडी पुन्हा उभी केली, मूळचं लहान इंजिन परत घातलं, आणि त्यानंतर नेस्टाला तिच्यात कधी बसू दिलं नाही.

“मला दोन्ही चालतील,” ब्रायनी म्हणाली. ती उलट्या बादलीवर बसून सफरचंद खात होती. “म्हणजे, मला विचारलंत तर.”

“तुला यातलं काय कळतंय,” ग्रॅहम म्हणाला, पण प्रेमाने.

“होड्या बांधते मी, मामा. भाकऱ्या नाही थापत.”

दारात ज्युडिथ आली. तिने भावाकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

“मी बाबांच्या बाजूने आहे,” ती म्हणाली. “कशाबद्दल ते मला सांगू नका. जेवायला चला.”

*

टेबलावर नेस्टा नेहमी खिडकीकडच्या टोकाला बसायची, पाय लांब करायला जागा मिळावी म्हणून. ती जागा हेडलीने ठरवून दिली होती. खुर्चीचे पाय त्यानेच थोडे उंच करून घेतले होते, बाथरूममधली दांडी त्यानेच लावली होती, दवाखान्यात तोच घेऊन जायचा, वाचनालयाची पुस्तकं तोच बदलून आणायचा. गावात सगळे म्हणायचे, भाऊ असावा तर असा. नेस्टाही म्हणायची.

मटण कापून झालं, बटाटे फिरले, पुदिन्याचा सॉस फिरला. थोडा वेळ मेंढ्यांच्या किमती आणि शेजाऱ्यांच्या कुंपणावर गेला. मग ज्युडिथने काटा खाली ठेवला.

“जड ॲक्सल बसवायचा, हे नक्की. पण तेवढ्याने भागत नाही. मोठ्या रस्त्याने तिने जायचं नाही. पावसात जायचं नाही. आणि एकटीने तर मुळीच नाही.”

“आई, स्कॉटलंडला जायचंय. पाऊस नसताना जायचं म्हटलं तर म्हातारी होईन मी.”

“मग ट्रेलरवर घालून नेऊ,” हेडली म्हणाला. “ग्रॅहम नेईल. तू आगगाडीने जा.”

“मी?” ग्रॅहम म्हणाला. “बाबा, गाडी चालवायला असते.”

“तिकडे छोटे रस्ते आहेत. तिकडे चालवेल.”

“तिकडे खारं वारं आहे,” ज्युडिथ म्हणाली. “गंजून जाईल. त्यापेक्षा इथेच राहू दे. सुटीत येईल तेव्हा चालवेल. काय बाबा?”

हेडलीने मान हलवली. “तेच बरं. या वर्षी राहू दे इथे. पुढच्या वर्षी पाहू.”

ग्रॅहमने एकदा बहिणीकडे आणि एकदा बापाकडे पाहिलं. सकाळपासून तो ज्या ॲक्सलसाठी भांडत होता, त्याची या दोघांना काहीच पडलेली नव्हती, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. “दिलीत ना तुम्ही तिला?” तो म्हणाला. “ख्रिसमसला दिलीत. सगळ्यांसमोर. मला नाही दिलीत, तिला दिलीत. मग आता देऊन टाका. जड बसवा, हलका बसवा, मी बसवून देतो हवा तो. पण ही थट्टा नको.”

“थट्टा कसली त्यात?” हेडलीचा आवाज चढला नाही. “लांबचा रस्ता आहे. गाडी जुनी आहे. तिला जमायचं नाही. मी तिच्या भल्याचंच सांगतोय.”

नेस्टाने चमचा बशीत ठेवला. आवाज फारसा झाला नाही, तरी सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“हे मी आधी ऐकलंय,” ती म्हणाली.

“काय?”

“‘तिला जमायचं नाही. मी तिच्या भल्याचंच सांगतोय.’ शब्दाला शब्द. फक्त मी तिथे नव्हते तेव्हा. मला नंतर कळलं.”

हेडली बशीकडे पाहू लागला. बाकी कुणाला काही समजलं नाही.

“एवर्ट ब्लेकवे,” नेस्टा म्हणाली. ब्रायनीकडे वळून, जणू बाकीच्यांना नाव माहीतच असावं. “तुझी आई तेव्हा दोनेक वर्षांची असेल. आपल्या चर्चचा ऑर्गन दुरुस्त करायला तो आला होता. उंच होता, कान जरा जास्तच मोठे. मला म्हणाला, पायाच्या पट्ट्या उजवीकडे सरकवता येतात, मी करून देतो, तू एका पायाने वाजवशील. आणि खरंच त्याने लाकडाचा नमुना करून दाखवला. मग त्याला ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर काम मिळालं, होबार्टला. तिकडे ऑर्गन खूप आणि दुरुस्त करणारे कमी. त्याने मला विचारलं.”

“काय विचारलं?” ब्रायनी म्हणाली.

“लग्नाचं. दुसरं काय विचारणार? आणि माझा होकार यायच्या आधी, सभ्य माणूस म्हणून, तो हेडलीला भेटायला आला. फाटकापाशी. आणि हेडलीने त्याला सांगितलं, तिला जमायचं नाही. एवढा प्रवास, परका देश, हा असा पाय. तुम्ही कामावर गेल्यावर तिला कोण पाहणार. मी तिच्या भल्याचंच सांगतोय.”

“तुला हे कुणी सांगितलं?” हेडलीने विचारलं.

“त्यानेच. दुसऱ्या दिवशी, चर्चमध्ये.”

“मग तुला माहीत होतं.”

“पहिल्यापासून.”

ज्युडिथ टेबलावर पुढे झुकली. “आत्या, मग तू का नाही गेलीस? तू का नाही बोललीस काही?”

नेस्टाने जरा विचार केला. तिला खरं उत्तर द्यायचं होतं आणि ते तिला स्वतःलाही आवडणारं नव्हतं. “एवर्टने विचारलं, तुझा भाऊ म्हणतो ते खरं आहे का? मी म्हटलं, तो म्हणतो तर खरंच असेल. त्याने दोन दिवस वाट पाहिली आणि गेला.” ती थांबली. “मला भीती वाटली, ज्युडी. इथे सगळं हाताशी होतं. आणि तू होतीस. तू मला सोडून झोपायची नाहीस.”

ज्युडिथने मान खाली घातली. दार उघडणारी आत्या, वेणी घालणारी आत्या, शाळेच्या नाटकात पहिल्या रांगेत पाय लांब करून बसलेली आत्या. ती आत्या नसती तर आपलं लहानपण कसलं झालं असतं, असं ती सगळ्यांना कौतुकाने सांगत आली होती. ती या घरी का उरली, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. आणि आत्ता, या क्षणीसुद्धा, बरं झालं गेली नाही ते, असं काहीतरी तिच्या मनात हललं होतं. त्याची तिला लाज वाटली. मग तिने आपल्या मुलीकडे पाहिलं.

“ब्रायनी,” ती म्हणाली, “तुला कुठला हवाय?”

“ॲक्सल?”

“हो. आणि गाडी कशी न्यायची, कधी न्यायची, तेही तूच सांग.”

ब्रायनीने मामाकडे चोरून पाहिलं. “जड,” ती म्हणाली. “लांबच जायचंय मला. आणि तारांची चाकं खाऱ्या वाऱ्यात पुसत कोण बसणार? मामा, रागावू नका. ती चाकं तुम्ही ठेवून घ्या.”

“चार चाकं घेऊन मी काय करू?” ग्रॅहम म्हणाला. “बाकीची गाडी मला चिकणमातीची करावी लागेल.” पण त्याला हसू आलं, आणि ते पाहून ज्युडिथलाही आलं. नेस्टाने बटाट्यांचं भांडं पुढे सरकवलं.

हेडलीला हवा होता तोच ॲक्सल ठरला होता. तो खुर्ची मागे सारून उठला आणि गोड खायला न थांबता मागच्या दाराने बाहेर गेला.

*

तो शेडमध्ये सापडला. हलका ॲक्सल उद्या परत जायचा म्हणून त्याला गोणपाटात गुंडाळत होता. नेस्टा दारात येऊन उभी राहिली. तिचा श्वास लागला होता. अंगणातला उतार तिला एकटीने उतरायची सवय नव्हती.

“बस,” तो म्हणाला आणि बादली पुढे करायला वाकला.

“नको. उठता येणार नाही मला त्यावरून.”

तो तसाच वाकलेला राहिला, मग सरळ झाला. सुतळी त्याच्या हातातच होती.

“तुला जायचं होतं?” त्याने विचारलं.

“हो.”

“खूप?”

“हो, हेडली. खूप.”

त्याने सुतळीची गाठ मारली. बसली नाही, म्हणून सोडून पुन्हा मारली.

“मला वाटलं, माझ्यामुळे तुझं एवढं झालं, आता आणखी काही व्हायला नको. तो माणूस आठ दिवसांत कंटाळला असता तर तू तिकडे एकटी काय केलं असतंस? जगाच्या त्या टोकाला? रात्र रात्र झोपलो नव्हतो मी.”

“माहीत आहे. जिना वाजायचा.”

“मी तुला सांभाळत होतो.”

“सांभाळलंस की. तेच तर सांगतेय.” ती फिंचच्या मडगार्डला टेकली. इतक्या वर्षांत तिने या गाडीला हात लावलेला त्याने पाहिला नव्हता. “त्या ॲक्सलचं मी तुला दवाखान्यातच माफ केलं होतं. पाय वर टांगलेला होता आणि तू शेजारी बसून रडत होतास, तेव्हाच. मला वेग आवडायचा रे, मीच तुला म्हणाले होते, जोरात घे. तुझं माफ करून टाकलं आणि मला वाटलं, संपलं. पण तू ते घेतलंच नाहीस. मग जन्मभर मी तुझी चूक होऊन राहिले या घरात. माणूस म्हणून नाही राहिले.”

हेडलीला बोलायचं होतं की मी चुकलो, पण तो शब्द तो त्या एका दुपारसाठी इतकी वर्षं मनात वापरत आला होता की या दुसऱ्या गोष्टीसाठी तो पुरेसा वाटेना.

“मला आधीच का नाही सांगितलंस?” तो शेवटी म्हणाला.

“तू विचारलं नाहीस. आणि सगळं तुझ्यावर घालू नकोस. दार तू लावलंस, कडी आतून मी घातली. मलाही सोयीचं होतं. डोरीन गेल्यावर तर सोडून जाणं बरंही दिसलं नसतं.” ती थोडं हसली. “एवर्ट आता असेलही किंवा नसेलही. त्याचा चेहरा आठवत नाही मला नीट. कान आठवतात.”

घरातून ब्रायनी हाका मारत होती, गोडाचं क्रंबल गार होतंय म्हणून. हेडलीचा हात सवयीने पुढे झाला. नेस्टाने त्याच्याकडे पाहिलं, आणि तो हात त्याने खिशात घातला. ती उतार चढून गेली तेव्हा तो मागून, बऱ्याच अंतरावरून आला.

*

जड ॲक्सल ग्रॅहमने पुढच्या दोन शनिवार-रविवारी बसवला. काम चोख केलं त्याने. हेडलीने दिवा धरला आणि विचारल्याशिवाय काही सुचवलं नाही. ज्युडिथने एकदा येऊन सगळ्यांना सँडविच दिले आणि ब्रेकबद्दल फक्त एकदाच विचारलं. पत्र्याची चाकं लावून फिंच खाली उतरवली तेव्हा ती मागून खरंच वेगळी दिसत होती, जरा बसकी, जरा रुंद. ग्रॅहमने एक चक्कर मारून आणली आणि म्हणाला, “चांगली चालतेय.” मग हात पुसत दुसरीकडे पाहत म्हणाला, “फार चांगली चालतेय.”

निघायच्या दिवशी, सगळं सामान भरून झाल्यावर, ब्रायनी नेस्टाकडे आली.

“आजी, चल ना माझ्याबरोबर. दोन दिवसांचा रस्ता. हळू नेईन. तिकडून आगगाडीने परत पाठवते तुला.”

ज्युडिथने तोंड उघडलं आणि मिटलं. हेडली फाटकापाशी उभा होता. तोही काही बोलला नाही.

नेस्टाने आत जाऊन कोट घातला, डोक्याला रुमाल बांधला, आणि बाहेर आली. ग्रॅहमने दार उघडून धरलं. फिंचची बैठक जमिनीपासून वीतभर उंच. नेस्टाने आधी पाठमोरी बसून पाहिलं, पण पाय आत येईना. मग पाय आधी घालून पाहिला, तर खुबा वाकेना. ग्रॅहमने उशा आणल्या. उशांवर बसली तर पाय आणखीच अडला. एकदा ती जवळजवळ बसलीच होती, आणि तेव्हा दुखण्याने तिने डोळे मिटले ते हेडलीने पाहिलं.

“राहू दे,” ती म्हणाली. ग्रॅहमने तिला उभं केलं. तिने रुमाल सोडला, घडी घातली. “वीस वर्षांपूर्वी विचारलं असतंस तर बसले असते.”

“तेव्हा मी सहा वर्षांची होते, आजी.”

“हो. तुझी चूक नाही ती.” तिने ब्रायनीच्या गालाला हात लावला. “जा. चढ आला की जोरात घे.”

फिंच गल्लीच्या वळणापर्यंत दिसली, मग नुसती ऐकू आली, मग तेही नाही. नेस्टा कोट घालूनच बराच वेळ अंगणात उभी राहिली. हेडलीने खुर्ची आणली नाही. आणावी असं त्याला फार वाटत होतं.

ऑगस्टमध्ये तिने सांगितलं की लेडबरीत म्हाताऱ्या माणसांसाठी ज्या छोट्या खोल्या आहेत त्यातली एक तिने घेतली आहे. खालच्या मजल्यावरची आहे, खिडकी बाजाराकडे उघडते. ज्युडिथला आधी माहीत होतं, पडदे तिनेच शिवले होते. हेडली वर्तमानपत्र वाचत होता. त्याने ते खाली ठेवलं.

“इथे काही कमी पडलं का?”

“नाही.”

“मग?”

“मला पाहायचंय, जमतं का ते. आता पाहून काही उपयोग नाही, हे मलाही कळतं. तरी पाहायचंय.”

त्याने मान डोलावली. “मी सोडायला येतो. बाथरूममध्ये दांडी लावायची असेल तर—”

“टॅक्सी सांगितलीय. आणि दांडी त्यांनी लावलेली आहे.”

सकाळी टॅक्सी आली. सामान थोडंच होतं, दोन बॅगा आणि एक लाकडी पेटी. ड्रायव्हर मध्यमवयीन बाई होती. तिने बॅगा ठेवल्या, पुढची बैठक मागे सरकवून दिली, आणि नेस्टा एकदाही न थांबता आत बसली. हेडली काचेपाशी वाकला. ऐंशी वर्षांत बहिणीशी बोलताना त्याला कधी शब्द जुळवावे लागले नव्हते.

“रविवारी येशील का,” तो म्हणाला, “जेवायला?”

नेस्टाने पर्स मांडीवर नीट ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच विचारत होता, हे तिला दिसलं.

“या रविवारी नाही जमणार,” ती म्हणाली. “पुढच्या रविवारी विचार.”

“बरं,” हेडली म्हणाला, आणि टॅक्सीला जागा द्यायला मागे सरकला.